साडेचारचा सूर्यास्त

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोकियोत सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. त्यामुळे त्या क्षणी शहापूर-मुरबाडच्या पेठेत दुपारचा एकही वाजलेला नसतो. दुकानात गिऱ्हाईक असते आणि घरात पोळ्या लाटणे चालू असते. तिकडे मात्र विद्यापीठाची शेवटची तासिका अजून सुटायची असते आणि चौविहाराची वेळ उलटून जात असते.

जपानमध्ये एक वर्ष शिकण्याची संधी आता आडगावच्या मुलामुलींनाही दुर्लभ राहिलेली नाही. आसनगावहून लोकल पकडून किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठून जो विद्यार्थी महाविद्यालयात जातो, त्याच्या विद्यापीठाचा जपानी विद्यापीठाशी विद्यार्थी-देवाणघेवाणीचा करार असू शकतो. जपानी भाषा हा पदवीचा मुख्य विषय असलेल्यांसाठी जपान सरकारची वर्षभराची स्वतंत्र शिष्यवृत्तीही आहे. संधी घरात येते तेव्हा पहिला प्रश्न निघतो तो 'तेथे खाणार काय?' हाच. प्रश्न रास्त आहे. पण खरी अडचण त्याच्यामागे उभी असते आणि तिच्याविषयी घरात सहसा कोणी बोलत नाही.

व्यापारी घराण्यांना परमुलुख नवा नाही. मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरकडे जाणारी वाट सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांच्या पायाखालची आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण परंपरेने जकातीचा मानला जातो. मारवाड, गुजरात, कच्छ सोडून भाताच्या या मुलखात दुकान मांडणाऱ्या पूर्वजांनीही अनोळखी भाषेच्या गावातच पाय रोवले. जपानमध्येही आपले लोक पोहोचले आहेत. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबे बंदरात स्थलांतरित झाले. पुढे मोत्यांच्या व्यापारासाठी जैन कुटुंबे कोबेत स्थिरावली आणि १९८५ साली शहराच्या कितानो भागात भगवान महावीर स्वामींचे संगमरवरी शिखरबंद मंदिर उभे राहिले. आसनगावजवळच्या मानस मंदिराचे शिखर पाहत वाढलेल्या मुलाला कितानोच्या चढावर ते दिसले, तर क्षणभर दिशाभूल व्हावी.

परंतु व्यापारी आणि विद्यार्थी यांत एक मोठा भेद आहे. व्यापारी आज ना उद्या आपल्यामागून घर नेतो. पत्नी येते, स्वयंपाकघर लागते, पाठोपाठ नातलग येतात आणि मग देरासर उभे राहते. एका वर्षासाठी गेलेला विद्यार्थी यांतले काहीच नेऊ शकत नाही. त्याच्या वाट्याला वसतिगृहातील अरुंद खोली आणि एका कोपऱ्यातील विजेची शेगडी येते. घरी असताना नियम त्याच्याकडून पाळले जात होते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. कारण ते पाळण्याची व्यवस्था आई आणि आजी करीत होत्या. ताटात कांदा नव्हता, कारण तो घरातच येत नव्हता. जेवण सूर्यास्तापूर्वी होत होते, कारण ते तेव्हा वाढले जात होते. त्या नियमाचा भार स्वतः उचलण्याचा प्रसंग त्याच्यावर वयाच्या विसाव्या वर्षी प्रथमच येतो, आणि तोही ज्या बाजारात पुडीवरचे एक अक्षर वाचता येत नाही तेथे.

भारतात खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. जपानमध्ये अशी सक्तीची खूण नाही. ॲलर्जी होऊ शकते अशा घटकांची नोंद कायद्याने करावी लागते, त्यामुळे अंडे किंवा कोळंबी शोधता येते. पण त्या नोंदीचा हेतू शाकाहार हा नव्हे. मुख्य अडचण 'दाशी' या पदार्थाची आहे. दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो मासळीचे तुकडे आणि समुद्रवनस्पती पाण्यात उकळून काढलेला अर्क. आपल्याकडे फोडणी जशी बहुतेक पदार्थांत असते, तसा तो तिकडच्या सारात, भाजीत, नूडल्सच्या रश्श्यात असतो. तो दिसत नाही आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मांसाहारही नसतो.

असे का, हे समजून घेतले तर राग कमी होतो. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिने बंदी घातली. पुढील शतकांत बौद्ध विचाराच्या प्रभावाने चतुष्पादांचे मांस टाळण्याची रीत त्या देशात दीर्घकाळ टिकली. १८७२ साली सम्राट मैजी यांनी मांस सेवन केल्याचे जाहीर झाले, तेव्हा ती नव्या युगाची खूण मानली गेली. मासळीला मात्र त्या बंदीने कधी स्पर्श केला नव्हता. म्हणूनच 'मांस नको' असे सांगितल्यावर उपाहारगृहातील मनुष्य अत्यंत सौजन्याने मासळीचा रस्सा आणून ठेवतो. त्यात त्याची फसवणूक नसते. 'शाकाहारी' हा एक शब्द तेथे पुरत नाही. मांस, मासळी, अंडे आणि दाशी यांची नावे वेगवेगळी घेऊन नकार द्यावा लागतो. तो जपानी लिपीत छापलेले छोटे कार्ड खिशात असलेले बरे.

त्याच देशात 'शोजिन र्योरी' नावाची मठांतील पाककला आहे, हे वाचून अनेक पालक निश्चिंत होतात. तीत मांस-मासळी नाही, लसूण-कांद्यासारख्या उग्र वासाच्या वनस्पतीही वर्ज्य. शोजिन हा शब्द बौद्ध ग्रंथांतील 'वीर्य' या संस्कृत संज्ञेचे भाषांतर आहे. आपल्या पंचाचारांत वीर्याचार आहेच, तेव्हा शब्दाचे नाते जवळचे. पण ताट जवळचे नाही. कमळाची मुळे, मुळा, आर्वीसारखे कंद मठाच्या स्वयंपाकात मुक्तपणे वापरले जातात. 'कोन्न्याकू' नावाचा पारदर्शक वड्यांसारखा पदार्थ सर्वत्र मिळतो आणि शाकाहारी म्हणून कौतुकाने पुढे केला जातो. तो ज्या कंदापासून होतो तो आपल्या सुरणाचा सख्खा भाऊबंद आहे. दाशीला पर्याय म्हणून वापरतात ती वाळवलेली अळिंबी आणि समुद्रशेवाळ. शेवाळाची गणना आपल्या शास्त्रात अनंतकायांत होते. म्हणजे बौद्ध भिक्षूचे निर्दोष भोजनही चातुर्मासातील श्रावकाला जसेच्या तसे चालणारे नाही.

मग उरते काय? पुष्कळ उरते. तांदूळ उरतो, तो आखूड आणि चिकट असतो, पण मुरबाडच्या भातावर वाढलेली जीभ महिन्याभरात त्याच्याशी जुळवून घेते. सोयाबीनचे पनीर म्हणजे तोफू, कोबी, काकडी, टोमॅटो, लाल भोपळा, फरसबी मिळते. भेंडी तर 'ओकुरा' या नावाने भेटते. डाळी, पिठे आणि मसाल्यांसाठी टोकियोत भारतीयांची दुकाने आहेत. सामानात खाखरे आणि छोटा कुकर असला की पहिला महिना निभावतो. शेगडीला चालेल असा कुकर मात्र पाहून घ्यावा. स्वयंपाक मुलाला येत नसेल, तर तिकिटापूर्वी तो शिकवावा. मुलगी असेल तर येत असणारच, असे गृहीत धरण्याचे दिवसही गेले.

साडेचारच्या सूर्यास्ताचा उपायही त्या देशातच आहे. तेथे 'बेंतो' म्हणजे घरून आणलेला डबा ही लहानथोरांची रोजची रीत आहे. डबा उघडून जेवणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. हिवाळ्यात दुसरा डबा न्यावा आणि शेवटच्या तासिकेपूर्वीच्या सुट्टीत संपवावा. उन्हाळ्यात उलट स्थिती असते. जूनमध्ये टोकियोचा सूर्य सकाळी साडेचारच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातला मावळतो, तेव्हा नवकारसी आणि चौविहार दोन्ही सोपे होतात. पर्युषणाचीही चिंता नको. बहुतेक जपानी विद्यापीठांना ऑगस्टच्या आरंभापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत सुट्टी असते. टोकियोहून रात्रीच्या बसने कोबे गाठता येते, आणि मंदिर शिन-कोबे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

येथवरची सारी व्यवस्था वहीत लिहून काढता येते. मागे उल्लेखिलेली खरी अडचण वहीत येत नाही. ती दूरध्वनीवर येते.

दुकान रात्री नऊला बंद होते. जेवणे तर आधीच उरकलेली असतात. मग बाबा फोन लावतात. जपानमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात. झोपाळलेल्या मुलाला पहिला प्रश्न येतो, 'काय जेवलास?' पहिल्या आठवड्यात तो खरे उत्तर देतो. एके दिवशी प्राध्यापकांनी साऱ्या वर्गाला जेवायला नेलेले असते, भाजीचे म्हणून त्याने सार घेतलेले असते आणि अर्धी वाटी संपल्यावर शेजारच्या विद्यार्थ्याने त्यातील दाशीविषयी सहज सांगितलेले असते. त्या रात्री तो काय सांगेल? खरे सांगितले तर आई रडेल, आजी आयंबिल करील आणि बाबा परत ये म्हणतील, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो 'वरण-भात' असे सांगतो. अहिंसेच्या व्रतात अजाणता चूक झाली होती. ती झाकण्यासाठी सत्याचे व्रत मात्र जाणूनबुजून मोडले जाते. त्यानंतर फोन लहान होत जातात. काही मुले याहून पुढे जाऊन मनाशी ठरवतात की, एकदा बाटलोच तर आता कशाला जपायचे.

वास्तविक आपल्या पच्चक्खाणातच 'आगार' सांगितलेले आहेत. विसर पडून अजाणता घडलेले आणि अकस्मात घडून गेलेले यांचा विचार प्रत्याख्यान घेतानाच केलेला असतो; त्यामुळे व्रत मोडले असे होत नाही. कळताक्षणी थांबणे, आलोचना करणे आणि व्रत पुढे चालू ठेवणे, ही वाट शास्त्राने मोकळी ठेवली आहे. पाठशाळेत मुले ही पदे तोंडपाठ करतात, पण त्यांचा अर्थ किती जणांना सांगितला जातो? निघण्यापूर्वी महाराजसाहेबांकडे जाऊन वर्षभर निभेल असा नियम मर्यादेसह घ्यावा. जमीकंदाचे काय, शेवाळाचे काय, प्रवासातील रात्रीचे काय, हे तेथेच विचारून घ्यावे. आणि ही चर्चा आई-वडिलांच्या समक्ष व्हावी. खरे सांगितल्यावर घरात आकांत होणार नाही, एवढा शब्द मुलाला मिळाला, तर पाठवणीची निम्मी तयारी झाली असे समजावे. खाखऱ्यांची पाकिटे नंतर मोजली तरी चालतील.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे १९७७ साली जन्मलेले योगेंद्र पुराणिक यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुण्यात शिकत असताना त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि १९९७ साली विद्यार्थी म्हणून ते प्रथम जपानला गेले. २००१ पासून ते तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झाले. माहिती-तंत्रज्ञान आणि बँकिंग या क्षेत्रांत काम केले. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर ते ६,४७७ मते मिळवून निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे नागरिक ठरले. पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी माध्यमिक शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. याच एदोगावातील निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिच्या जडणघडणीत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांचा वाटा मोठा. २००० सालच्या सुमारास संगणक-अभियंते येऊ लागले, तेव्हा त्यांना घरे मिळवून देण्यास आणि भारतीय जेवणाची सोय करण्यास त्यांनी पुढाकार घेतला. पुराणिकांच्या मातोश्रींनीही तेथे घरगुती भारतीय जेवणाचे उपाहारगृह चालवले. आईने मुलामागून स्वयंपाकघर नेण्याची ही जुनीच रीत म्हणायची.

अंबरनाथच्या मुलाला एदोगावाच्या मतदारांपर्यंत नेले ते भाषेने. मराठी मुलाला या भाषेत एक अनपेक्षित ओळखीची खूण भेटते. जपानी वर्णांचा पारंपरिक क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेचा तो ठसा आहे. पहिल्या दोन लिप्या एका उन्हाळी सुट्टीत येतात. नित्य व्यवहाराची चिनी चित्राक्षरे मात्र दोन हजारांवर आहेत आणि ती वर्षात येत नाहीत. मांस, मासळी आणि अंडे यांची अक्षरे प्रथम शिकावीत, बाकीची सावकाश.

शब्दांपेक्षा न बोललेले समजणे अवघड. जपानी मनुष्य तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'चोत्तो' म्हणजे 'जरा' एवढेच उच्चारून तो वाक्य अर्धे सोडतो, आणि तो नकार असतो. दुकानदाराच्या मुलाला हे समजायला हरकत नाही. आपल्या पेठेत 'बघू, उद्या या' याचा अर्थ उधारी मिळणार नाही असाच असतो. भावाची घासाघीस तेथे नाही, बक्षिसी नाही आणि एका येनची नाणीही मोजून परत मिळतात. कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा, याचे वेळापत्रक असते आणि ते चुकले तर पिशवी तशीच दारात राहते. संध्याकाळच्या मेजवान्यांत मद्य असते. उलाँग चहा मागितला तर कोणी आग्रह करीत नाही. बिल मात्र सर्वांत समान वाटले जाते, त्यामुळे न खाल्लेल्याचेही पैसे द्यावे लागतात. जेवणापूर्वी तेथे हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात. ज्यांचा जीव अन्नासाठी गेला त्यांच्याविषयीची कृतज्ञता त्यात अभिप्रेत असते. त्या ताटावर बसून अहिंसेचे प्रवचन देण्याचा मोह आपल्या मुलाने आवरावा. विचारले तर सांगावे, आणि जपानी सोबती खरोखरच विचारतात.

पैशांच्या बाबतीत व्यापारी घरांना शिकवण्याची गरज नसते, तरी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. विमानतळावर निवासपत्र मिळते. मुक्काम ठरल्यापासून चौदा दिवसांत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालावे लागते. मग वैद्यकीय खर्चाचा तीस टक्के भागच रुग्णाला सोसावा लागतो. वीस वर्षे पूर्ण झालेल्यांना निवृत्तिवेतनाची वर्गणीही लागू होते. विद्यार्थ्याने सवलतीचा अर्ज न केल्यास मागणीपत्रे येत राहतात. परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते, पण ते काम बहुधा खानावळीत किंवा चोवीस तास उघड्या दुकानात मिळते. तेथे काय हाताळावे लागेल, याचा विचार आधी करावा. इंग्रजी शिकवणे किंवा विद्यापीठातील साहाय्यकाचे काम शोधण्यास वेळ लागतो, तरी ते बरे. सुरुवातीच्या सहा महिन्यांत अनेक बँका परदेशी विद्यार्थ्याला पूर्ण सुविधा देत नाहीत. म्हणून पोस्टाच्या बँकेत खाते उघडण्याचा प्रघात आहे.

दुसरी गोष्ट याच खात्याविषयीची, आणि ती जरा करड्या स्वरात सांगितलेली बरी. वर्ष संपत आले की कोणीतरी भेटतो. तुला आता खाते लागणार नाही, कार्ड आणि पासबुक मला दे, थोडे पैसे देतो, असे गोड बोलतो. मुलाला तो निरुपयोगी कागदांचा सौदा वाटतो. अशी खाती फसवणुकीची रक्कम फिरवण्यासाठी वापरली जातात, आणि खाते विकणे हा जपानी कायद्याने गुन्हा आहे. खातेदार म्हणून नाव विद्यार्थ्याचेच राहते आणि चौकशी त्याच्यापर्यंत येते. ज्या घरात कोरा चेक सही करून कोणाला देत नाहीत, त्या घरातील मुलाने पासबुक विकावे, हे अज्ञानानेच घडू शकते. निघण्यापूर्वी खाते स्वतः जाऊन बंद करावे, विम्याची बाकी चुकती करावी, खोलीची सूचना मुदतीत द्यावी आणि पावत्या जपून आणाव्यात.

शेवटच्या आठवड्यात सामान आवरताना कुकर तेथेच नव्याने आलेल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला देण्याचा रिवाज पडू लागला आहे. त्याबरोबर जपानी अक्षरांतले ते कार्डही द्यावे. विमानतळावर अधिकारी निवासपत्र घेतो, त्याला एक भोक पाडतो आणि दोन्ही हातांनी परत देतो.